सात वॅटचा सूर्य

टिक. टिक.

योरी नुकती कुठे झोपली होती. पाच वर्षांचं पोर झोपलं की घरात जी शांतता पसरते ती काठोकाठ भरलेल्या पातेल्यासारखी असते, सांडू नये म्हणून माणूस श्वाससुद्धा जपून घेतो. रीके माउटे गार झालेल्या कॉफीचा कप हातात धरून स्वयंपाकघरात अशीच जपून उभी होती आणि दारावर कोणीतरी नखाने टिचक्या मारत होतं.

नखाने टिचक्या म्हणजे तळमजल्यावरच्या आयझेलेबाई. दुपारी एक ते तीन इमारतीत आवाज करायचा नाही, हा नियम. त्या वेळात घंटा वाजवणं आयझेलेबाईंच्या तत्त्वात बसत नसे, आणि त्या वेळात न येणं स्वभावात. म्हणून नख.

"माउटेबाई," त्या कुजबुजल्या, "तुमच्या कोठीत दिवा राहिलाय. मागच्या अंगणातून दिसतोय. गुलाबी."

"राहिला नाही हो. लावलाय."

"सकाळपासून?"

"सकाळपासून."

"मग आत कोण आहे?"

"कोणी नाही."

आयझेलेबाईंनी आधारासाठी चौकट धरली. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चर्चच्या गायनात दुसऱ्या रांगेत उभी राहणारी, लॅटिनच्या मास्तरांची बायको, ओला आणि सुका कचरा डोळे मिटून वेगळा करणारी रीके मान खाली घालून म्हणाली, "आत गांजाची रोपं आहेत. तीनच. कायद्यात बसतात. आईच्या हातांसाठी."

"गांजा ते ठीक आहे हो," आयझेलेबाई म्हणाल्या. "माझ्या भाच्याकडेही आहे. पण दिवा? भर दुपारी? बंद दाराआड?"

जर्मनीतल्या या एसलिंगेन गावात माणसाला बरंच काही माफ आहे. दारू पिऊन नेकर नदीत पडलेला माणूस पुढच्या वर्षी नगरसेवक होऊ शकतो. पण रिकाम्या खोलीत जळणारा दिवा इथल्या काटकसरी श्वाबी माणसाला बघवत नाही. आयझेलेबाई जिना उतरून गेल्या तेव्हा त्यांची पाठ सांत्वनाला येऊन गेलेल्या बाईसारखी दिसत होती.

खरं तर गांजाशी रीकेला काडीचं देणंघेणं नव्हतं. तिला आई हवी होती.

आई, आनेग्रेट, हिवाळ्याच्या सुरुवातीला 'चार दिवस' म्हणून आली होती. ग्योपिंगेनच्या वृद्धनिवासात तिने खोली ठरवून ठेवली होती, ईस्टर झाला की तिकडे जायचं. "मी कोणाच्या पायात यायची नाही," असं ती रोज एकदा म्हणायची, साधारण जेवणानंतर. रीकेला म्हणायचं होतं, राहा ना गं आई. पण या घराण्यात असलं वाक्य कोणी कधी उच्चारलेलंच नव्हतं. तिथे माया करायची म्हणजे 'मोजे घातलेस का?' विचारायचं. रीके दिवसातून दहादा आईला मोज्यांबद्दल विचारत होती, पण त्यातून निरोप काही पोचत नव्हता.

आनेग्रेटची बोटं सांध्यांत सुजली होती. फळीवर पीठ थापून ते सुरीने सरसर उकळत्या पाण्यात खरवडायचं आणि श्पेट्झले नावाच्या जाड शेवया करायच्या, हे तिचं आयुष्यभराचं काम. आता सुरी धरवत नव्हती. व्यायामाच्या वर्गातल्या मैत्रिणीने तिला घरी केलेलं हिरवट मलम दिलं, वर रुमालात बांधून तीन बिया. डॉक्टर म्हणाले, "हरकत नाही. अपेक्षाही नको." आई म्हणाली, "मला काय करायच्यात? मी चाललेच."

पण रीकेच्या डोक्यात ट्यूब पेटली. बी पेरल्यापासून कापणीपर्यंत चार-पाच महिने. वृद्धनिवासात असल्या कुंड्या चालत नाहीत. आणि जिने आयुष्यात वाटाण्याची एक ओळ पेरून अर्ध्यावर सोडली नाही ती बाई तीन कुंड्या टाकून जाईल? रुजलं म्हणजे गुंतली. आणि तोवर कोणालाच काही बोलावं लागणार नाही. श्वाबी माणसाला याहून सोयीचं प्रेम नाही.

आता जागा. कायदा म्हणतो, रोपं मुलांच्या हाताला लागता कामा नयेत. कुलूप लागेल अशी खोली घरात एकच, कोठीची. बटाटे, मुरांब्याच्या बरण्या आणि मागच्या अंगणात उघडणारा हातभर झरोका. प्लगची सोय नाही. छताला एक होल्डर, आणि त्याचं बटण बाहेर, बोळाच्या भिंतीवर. घर बांधणाऱ्याने असं का केलं हे त्यालाच ठाऊक. म्हणजे सूर्य जो काय उगवायचा तो त्या एका होल्डरमधून.

"सात वॅट पुरेत," रीकेचा नवरा तिलमान म्हणाला.

"कशावरून?"

"बी केवढं आहे बघ."

लॅटिन शिकवणाऱ्या माणसाच्या तर्काला उत्तर देणं कठीण असतं, कारण ते तर्क फार जुने असतात. रीके दुकानात गेली.

दुकानात दिव्यांची अख्खी गल्ली होती. तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "रोपांसाठी एलईडी हवाय. कमी विजेचा."

"कसली रोपं?" विक्रेता अगदी मोठ्या आवाजात.

"अशीच. हिरवी."

"हां, टोमॅटो!" त्याने डोळा मारला. "या हिवाळ्यात सगळं गाव टोमॅटो लावतंय."

रीके कानापर्यंत लाल झाली, आणि नेमके त्याच वेळी मागून तिच्या चर्चचे पाद्रीसाहेब आले, बगलेत संडासाचं नवं झाकण घेऊन. "टोमॅटोंना सात वॅट?" ते गंभीरपणे म्हणाले. "माउटेबाई, उपासमार होईल. माझ्या टोमॅटोंना अठरा लागले."

त्यावर एका आजींनी सांगितलं की वॅट हा मुद्दाच नाही, रंग बघायचा; गुलाबी प्रकाशात पानं धरतात. पाद्रीसाहेब म्हणाले, परमेश्वराने सूर्य पांढरा केला त्याला काही कारण असेल. आजी म्हणाल्या, परमेश्वराला विजेचं बिल येत नाही. विक्रेता म्हणाला, दिवा रोपाच्या किती जवळ टांगता त्यावर सगळं आहे, हाताचा पंजा दिव्याखाली धरा, चटका बसला तर वर, गार वाटलं तर खाली. भोवती पाच-सहा जणांचा घोळका झाला. प्रत्येकाकडे टोमॅटो होते. 'टोमॅटो' हा शब्द इतक्या वेळा इतक्या सभ्यपणे उच्चारला गेला की कोपऱ्यात खऱ्या टोमॅटोचं खत शोधणारा एक बिचारा माणूस संशयाने बघायला लागला.

रीकेने खोक्यावर सर्वांत लहान आकडा असलेला दिवा उचलला. सात वॅट, गुलाबी. पाद्रीसाहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं जणू तिने दानपेटीत शर्टाचं बटण टाकलं होतं.

घरी तिलमानला वेगळीच चिंता. रोपांची नोंद कुठे करायची? रीकेने नगरपालिकेत फोन लावला.

"नोंद लागत नाही," तिकडची बाई म्हणाली.

"हो, पण आम्हाला करायची आहे."

"करता येत नाही."

तिलमानने बाजूने खूण केली. रीके म्हणाली, "मग नोंद लागत नाही असं लेखी मिळेल का?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग अतिशय दुःखी आवाजात ती बाई म्हणाली, "त्यासाठी आमच्याकडे अर्जच नाही हो." दोन्हीकडच्यांनी एकमेकींना धीर दिला आणि फोन ठेवला.

बिया रुजल्या. आनेग्रेट पहिल्या दिवशी "मला काय करायचंय" म्हणत दारातून डोकावली, दुसऱ्या दिवशी चष्मा लावून आली. तिसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना ताकीद दिली की पाणी तीच घालणार, बाकीच्यांना हात नाही. कोठीची किल्ली तिने एप्रनच्या खिशात टाकली. रीकेने रात्रीच्या जेवणाला मुद्दाम एक बटाटा जास्त उकडला. तिचा आनंद साजरा करण्याची तीच रीत.

पण आयझेलेबाईंनी पाहिलेला गुलाबी उजेड आता मागच्या अंगणात कचरा टाकायला येणारा प्रत्येक जण पाहू लागला. इमारतीचा कारभार बघणारे साउटर एक दिवस फायलीसह हजर झाले. त्यांनी कोठीच्या दारात उभं राहून तीनदा नाक ओढलं.

"वास येतोय," ते म्हणाले.

"तो आयझेलेबाईंच्या आंबट कोबीचा," आनेग्रेट म्हणाली.

साउटरनी पुन्हा नाक ओढलं आणि मान्य केलं. "रोपांना हरकत नाही. पण गुलाबी उजेड हा इमारतीच्या बाह्य रूपातला बदल होतो. त्याला सर्व मालकांच्या सभेत बहुमत लागतं. पुढची सभा शरद ऋतूत."

"झरोका कचऱ्याच्या डब्यांकडे उघडतो हो!" रीके म्हणाली.

"कचऱ्याच्या बाजूलाही रूप असतं, माउटेबाई."

म्हणून पांढरा दिवा आणावा लागला. आणि पांढरा निवडायचा तर वरच्या मजल्यावरच्या गोमेलकाकांना विचारल्याशिवाय कसं? गोमेलकाका निवृत्त अभियंता. माणूस निवृत्त होतो, अभियंता होत नाही. त्यांनी कोठीत वाकून रोपं पाहिली आणि म्हणाले, "हे काय? काडीपैलवान!"

खरंच, तिन्ही रोपं दोऱ्यासारखी लांब वाढली होती, टोकाला दोन-दोन फिकी पानं, आणि तिन्ही दाराकडे माना वळवून उभी होती, जणू बसची वाट बघत होती.

"उजेड कमी. बारा वॅट लावा."

बारा वॅट लावला. रोपं आणखी लांबली. गोमेलकाका म्हणाले, पंधरा. तिलमानने बिलाच्या भीतीने घरातल्या घड्याळाची बॅटरीसुद्धा काढून ठेवली, पण पंधरा आणला. दिवा खाली टांगला, भिंतीला रुपेरी कागद लावला. आयझेलेबाईंनी सल्ला दिला की रोपांशी बोलावं. योरीने बंद दाराबाहेर बसून त्यांना अख्खी गोष्ट सांगितली, त्यात एक कोल्हा सगळ्यांना खातो. दुसऱ्या दिवशी एक रोप आडवं झालं ते उठलंच नाही.

"मीच वाईट गोष्ट सांगितली," योरी रडायला लागली.

"नाही गं राणी," आजी म्हणाली आणि मेलेलं रोप रुमालात गुंडाळून घेऊन गेली.  त्या दिवशी जेवणानंतर 'पायात यायची नाही' हे रोजचं वाक्यसुद्धा आलं नाही. रीकेला त्याच वाक्याची एवढी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

जेवणानंतर तिने बोळातून आईचा फोनवरचा आवाज ऐकला. "खोली आधी मिळाली तरी चालेल... नाही, इथे माझं काही अडलेलं नाही. माझ्या हातून आता काही जगत नाही हो."

रीके भांडी घासत होती. तिने एकच वाडगा चारदा घासला.

सकाळी ती स्वतः वर गेली आणि गोमेलकाकांना जवळजवळ ओढत खाली आणलं. "वीस वॅट लावा, पन्नास लावा, मला काही माहीत नाही. ती दोन जगली पाहिजेत."

गोमेलकाकांनी आनेग्रेटकडून किल्ली घेतली, बोळातलं बटण दाबून दिवा लावला, स्टुलावर चढले, दिवा बदलायला हात लावला आणि तसेच थांबले.

"माउटेबाई, हा दिवा केव्हापासून चालू आहे?"

"सकाळी सहाला मी लावला. रोज लावते."

"तासन्‌तास जळलेला दिवा बुडाशी कोमट लागतो. हा तळघरातल्या बटाट्यासारखा गार आहे." त्यांचा आवाज बदलला. "आणि मी आत येताना बटण दाबलं. दाबल्यावर तो लागला. म्हणजे त्याआधी तो बंद होता."

स्वयंपाकघरात बैठक भरली. दिवा कोण बंद करतं? तिलमान म्हणाला, "मी? छे!" आनेग्रेट म्हणाली, "मी त्यांना पाणी घालते, मी कशी बंद करीन?" पाव उसना मागायला आलेल्या आयझेलेबाई म्हणाल्या, "मी तर या घरची नाहीच." सगळ्यांचे चेहरे अगदी प्रामाणिक होते. रीकेला जास्त भीती त्याचीच वाटली.

शनिवार होता. तिने दिवा लावला आणि बोळात कोटांच्या मागे उभी राहिली. नाकात तिलमानच्या लोकरी कोटाचे केस, पायाखाली योरीचे बूट. बंद दाराखालून पांढऱ्या उजेडाची रेघ बोळात पडली होती.

पहिला तिलमान आला. वह्या तपासत, ओठांत काही पुटपुटत. दाराजवळून जाताना, मान वर न करता, त्याचा डावा हात भिंतीकडे गेला. टक्. रेघ गेली. तिलमान पुटपुटत पुढे.

रीकेने दात आवळले, पुढे होऊन दिवा लावला आणि परत कोटांत शिरली.

आनेग्रेट आली. आत्ताच पाणी घालून आली होती ती. पाच पावलं पुढे गेली, थांबली, मागे आली, टक्, आणि समाधानाने निघून गेली.

मग आयझेलेबाई, उसन्या पावाच्या बदल्यात केकचा तुकडा द्यायला. टक्. साउटर, उजेडाचा रंग नियमाला धरून आहे का बघायला. त्यांनी झरोक्यातून तपासणी केली, आत येऊन आनेग्रेटला म्हणाले, "रंग योग्य आहे," आणि जाताना, टक्. शेवटी गोमेलकाका. त्यांनी कोटांच्या दिशेने पाहून विचारलं, "सापडला का चोर?" आणि वळता वळता त्यांनीही, टक्.

"काका!"

गोमेलकाकांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तो हात दुसऱ्या कोणाचा असल्यासारखं पाहिलं. "बाप रे," ते म्हणाले. "हा हात सत्तर वर्षं माझ्यापाशी आहे."

रीके विजयाने कोटांतून बाहेर पडली. सगळ्यांना आता एकेक करून ऐकवणार होती ती. दिवा परत लावला, आणि ताठ मानेने स्वयंपाकघराकडे निघाली. मागून गोमेलकाका खोकले.

"माउटेबाई."

तिने वळून पाहिलं. दाराखालची रेघ नव्हती. जाता जाता मागे राहिलेलं तिचं बोट अजून बटणावर होतं.

दिवा कधी कमी पडलाच नव्हता. सात वॅटही पुरले असते; तो जळतोय हे कोणालाच सोसलं नव्हतं एवढंच. रीके बोळातच जमिनीवर बसली आणि हसत सुटली. तिला हसताना बघून आनेग्रेट बाहेर आली, सगळं ऐकलं, आपल्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं.

"म्हणजे मीच मारत होते त्यांना?"

"सगळे मिळून, आई."

 आनेग्रेटने स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणली, पाठ बरोबर बटणाला टेकेल अशी ठेवली आणि बसली. "आता करा बंद."

त्या दिवसापासून बोळ म्हणजे घरातली सगळ्यात गजबजलेली जागा झाली. उजाडल्यापासून आनेग्रेट तिथे. सवयीने पुढे आलेल्या प्रत्येक हातावर चापट. तिलमानला दोन दिवसांत पाच चापट्या बसल्या. तिसऱ्या दिवसापासून तो बोळातून खिशात हात घालून जाऊ लागला. साउटर उजेडाची तपासणी करायला आले आणि कॉफी पिऊन गेले. मग तपासणीशिवायच यायला लागले. गोमेलकाकांनी बटणाला पत्र्याचं झाकण करून आणलं. आनेग्रेटने ते परत पाठवलं. "मग मी काय करू इथे बसून?"

आयझेलेबाईंनी प्रायश्चित्त म्हणून श्पेट्झले करायचं कबूल केलं. पीठ, फळी, सुरी घेऊन त्या स्वयंपाकघराच्या दारात अशा उभ्या राहायच्या की खुर्चीतून दिसावं.

"पातळ कापा! आयझेलेबाई, हे श्पेट्झले आहेत की चपलेचे पट्टे?"

"मी चाळीस वर्षं असेच करतेय हो."

"चाळीस वर्षं तुमच्या यजमानांनी कसे खाल्ले देव जाणे. मनगट! मनगट फिरवा!"

रीके आत कपडे घडी करत हे ऐकायची. बोटं दुखतात हे आई गेल्या कित्येक दिवसांत बोललेली नव्हती, आणि नवं मलम तर अजून रोपातच होतं.

दोन्ही रोपांनी पाठी ताठ केल्या. पानांना पाच-पाच बोटं फुटली, मग सात-सात. माना दाराकडून वर वळल्या. रविवारी चर्चमध्ये पाद्रीसाहेबांनी "टोमॅटो कसे आहेत?" विचारलं तेव्हा रीकेने तशाच गंभीरपणे "सुधारतायत" म्हटलं.

ईस्टर आला आणि ग्योपिंगेनहून फोनही आला. खोली तयार होती. आनेग्रेट खुर्चीतून उठून बैठकीच्या खोलीत बोलायला गेली, आणि रीके हातातला टॉवेल तसाच धरून बोळात उभी राहिली.

"आत्ता नाही हो," आई सांगत होती. "मी इथे कामात आहे... नाही, मी नसले की इथे कोणाला दिवा जळताना बघवत नाही... हो, हो, रद्द नाही करत. रोपं मोठी झाली, कापणी झाली, की लगेच येते."

रीकेचा जीव भांड्यात पडला, आणि तिथेच थोडा हेलकावलाही. मे, जून, फार तर जुलै. राहा ना गं आई, हे वाक्य अजूनही घशातच होतं. तिने टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली.

तेवढ्यात योरी आजीच्या रिकाम्या खुर्चीवर चढून उभी राहिली. बटण आता बरोबर तिच्या नाकासमोर होतं.

"आई, दिवा नसला की झाडं मोठी होत नाहीत ना?"

"नाही होत."

"आणि झाडं मोठी झाली की आजी जाणार ना?"

रीकेने टॉवेल छातीशी धरला. आतल्या खोलीत आईने फोन ठेवला होता, आणि तिची पावलं बोळाकडे यायला लागली होती.

योरीने बटणावर बोट ठेवलं आणि हळूच, आजीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, "मग करू का बंद?"